जुन्या एंजिनाचे ऑइल सील : गळतीचे निदान आणि सीलचा बदल

एंजिनाच्या पोटात तेल आणि बाहेर हवा, अशी स्थिती असताना फिरता दंड कवचातून बाहेर काढावयाचा असेल, तर दंड आणि कवच यांच्यामधील फट बुजवावी लागते. ती अशा रीतीने बुजवली पाहिजे की दंड मोकळेपणाने फिरावा, पण तेल बाहेर येऊ नये. हे काम जे लहानसे कडे करते त्याला कारखान्यात सर्वजण ऑइल सील म्हणतात, आणि प्रस्तुत लेखातही तोच शब्द वापरला आहे. पोलादी कवच, त्यावर चिकटवलेला रबराचा ओठ आणि ओठाच्या पाठीवर बसवलेली बारीक वेटोळी स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. संपूर्ण एंजिनात याहून स्वस्त भाग थोडेच सापडतील. तथापि हा भाग नेमका कसा काम करतो याचा उलगडा त्याचा सर्रास वापर सुरू झाल्यानंतर कित्येक दशकांनी झाला, आणि तो उलगडा ठाऊक नसल्यामुळे आजही सील बदलताना अनेक चुका होतात. त्यांपैकी एक चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडली.

आमच्या प्रयोगशाळेत ॲम्बॅसडर मोटारीचे एक जुने पेट्रोल एंजिन प्रात्यक्षिकांसाठी ठेवलेले आहे. त्याच्या पुढच्या पुलीखाली तेलाचे डाग पडू लागले म्हणून पदव्युत्तर वर्गाच्या एका विद्यार्थ्याकडे सील बदलण्याचे काम सोपवले. नवे सील बसले, आणि सुमारे वीस तास एंजिन चालल्यानंतर पुन्हा पूर्वीइतकेच तेल गळू लागले. ‘सील निकृष्ट प्रतीचे होते’ असा निष्कर्ष विद्यार्थ्याने अहवालात लिहिला. आम्ही त्यावर सही केली, आणि विक्रेत्याकडे तक्रार करण्याचे पत्रही तयार झाले. तो निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे समजण्यासाठी प्रथम सीलच्या कार्याकडे वळले पाहिजे.

फिरत्या दंडाभोवतीचे तेल अडवण्याचे जुने उपाय ओबडधोबड होते. पुढच्या बाजूला नमद्याची चकती, मागच्या बाजूला ग्रॅफाइट लावलेली ॲस्बेस्टॉसची दोरी, अन्यत्र चामड्याची वाटी. जर्मनीत वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग ही मूळची चामडे कमावणारी पेढी. तिने १९२९ साली चामड्याची सीले तयार करण्यास आरंभ केला, आणि तेथील अभियंता वाल्टर झिमर याचे नाव त्या कड्याला कायमचे चिकटले. पुढे १९३०–४० या दशकात तेलाने न फुगणारे कृत्रिम रबर उपलब्ध झाले आणि चामड्याची जागा रबराने घेतली. आज ज्याला आपण नायट्राइल रबर म्हणतो ते त्याच कुळातले.

रबराचा ओठ दंडावर घट्ट दाबलेला असतो, म्हणून तेल बाहेर येत नाही, अशी साहजिक समजूत होती. ही समजूत टिकण्यासारखी नाही, हे साध्या हिशेबावरून दिसून येते. समजा, दंडाचा व्यास ४० मिलिमीटर आहे आणि एंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत आहे. दंडाचा परीघ सुमारे १२५.७ मिलिमीटर, म्हणजे तासाला दीड लाख फेऱ्यांत ओठाखालून जवळजवळ १९ किलोमीटर पोलाद सरकते. रबर कोरड्या पोलादावर इतके घासले तर ते पहिल्या तासातच जळून जाईल. प्रत्यक्षात चांगले सील हजारो तास चालते. अर्थात ओठ आणि दंड यांच्यामध्ये वंगण असलेच पाहिजे. पण वंगणाचा थर असेल, तर त्याच वाटेने तेल बाहेर का येत नाही?

हा प्रश्न नीटपणे प्रथम मांडला तो जॅगर या ब्रिटिश संशोधकाने. १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने घर्षणाच्या मापनांवरून असे दाखवले की ओठाखाली तेलाचा अखंड थर असतो, आणि तो थर हवेच्या बाजूला पृष्ठताणामुळे अडून राहतो, असे त्याने सुचवले. पृष्ठताणाची ही कल्पना चुकीची नव्हती, परंतु अपुरी होती. कारण थराच्या कडेला लागलेला किंचितसा धक्काही पृष्ठताणाच्या बळावर मात करू शकतो. उत्तराचा दुसरा अर्धा भाग १९७०–८० आणि त्यापुढील दशकांत जपान व जर्मनी येथील प्रयोगांतून हाती आला. संशोधकांनी चालत्या सीलच्या हवेकडील बाजूस तेलाचे मोजके थेंब सोडले, तेव्हा ते थेंब ओठाखालून आत, तेलाच्या बाजूला, ओढले गेले. सील म्हणजे केवळ बांध नव्हे, तो एक पंप आहे, असे या प्रयोगाने सिद्ध झाले.

हा पंप कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. ओठाच्या टोकाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा, साधारणतः ४० ते ६० अंशांचा, आणि हवेकडचा पसरट, २० ते ३५ अंशांचा असतो. यामुळे दंडावर टेकलेल्या पट्ट्यात, ज्याची रुंदी दोन-तीन दशांश मिलिमीटरहून अधिक नसते, दाबाचे शिखर मध्यभागी न राहता तेलाच्या बाजूस सरकते. सुरुवातीच्या काही तासांत ओठ थोडासा झिजतो आणि त्याच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म खडबडीतपणा तयार होतो. दंड फिरू लागला की घर्षणाने हा खडबडीतपणा फिरण्याच्या दिशेने ओढला जातो, आणि जेथे दाब सर्वांत जास्त तेथे तो सर्वांत जास्त ओढला जातो. परिणामी दाबाच्या शिखराच्या दोन्ही बाजूंस तिरप्या सूक्ष्म वरंब्यांच्या रांगा उभ्या राहतात. दंडाबरोबर फिरणारे तेल या वरंब्यांवर आपटून दोन्हीकडून शिखराच्या दिशेने वळवले जाते. शिखर तेलाच्या बाजूला सरकलेले असल्यामुळे हवेकडील वरंबे अधिक लांब असतात आणि त्यांचा जोर अधिक पडतो. म्हणून एकंदर प्रवाह आतल्या दिशेने होतो. हवेकडची थराची कड आत सरकत सरकत अशा जागी स्थिरावते की जेथे आत ओढले जाणारे आणि बाहेर येऊ पाहणारे तेल समतोल साधतात. तेथे पृष्ठताण उरलेले काम करतो.

ही उपपत्ती केवळ विद्वत्तेची बाब नाही, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल. सील उलटे बसवले तर गळती निव्वळ वाढते असे नव्हे. पंपाची दिशाच उलटते आणि सील तेल प्रयत्नपूर्वक बाहेर काढते. दंडाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत केला तर थर टिकत नाही, आणि खरखरीत ठेवला तर ओठ कापला जातो. उंचसखलपणाची सरासरी ०.२ ते ०.८ मायक्रोमीटर या मर्यादेत असावी, अशी शिफारस त्यामुळेच केली जाते. सर्वांत घातक गोष्ट अशी की दंडावर मळसूत्राप्रमाणे तिरपे ओरखडे असतील तर दंड स्वतःच दुसरा पंप बनतो, आणि ओरखड्यांची दिशा प्रतिकूल असेल तर तो सीलच्या पंपावर मात करतो.

आता ॲम्बॅसडरच्या एंजिनाकडे वळू. ही मोटार मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली, आणि १,४८९ घन सेंटिमीटरचे तिचे झडपा वर असलेले पेट्रोल एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले. उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तीन बेअरिंगांच्या या एंजिनाच्या मागील बाजूस ओठाचे सील नाहीच. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावर परतीचे मळसूत्र कोरलेले असते आणि ते अत्यंत थोड्या फटीतून फिरत तेल पुन्हा आत ढकलते. ही युक्ती झिजत नाही, कारण तेथे काही घासतच नाही. परंतु एंजिन थांबले की ती कामही करीत नाही. चढावर नाक वर करून उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी थोडेसे तेल दिसले, तर त्यास रोग समजू नये. मुख्य बेअरिंगे झिजली म्हणजे मात्र मळसूत्राभोवतीची फट एका बाजूस वाढते आणि तेल क्लचपर्यंत पोहोचते. तेथे सील बदलण्याची भाषा व्यर्थ होय. बेअरिंगांचाच विचार करावा लागतो.

पुढच्या बाजूस, टायमिंग साखळीच्या कव्हरात, आरंभीच्या एंजिनांत नमद्याचे कडे होते. नंतरच्या एंजिनांत रबरी ओठाचे सील आले. हे सील क्रँकशाफ्टवर थेट न टेकता पुलीच्या नळीवर टेकते, ही मोठीच सोय आहे. कारण झिजलेला पृष्ठभाग हातात घेऊन पाहता येतो.

सील बदलण्यापूर्वी ते गळते आहे याची खात्री करून घ्यावी. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण अनुभव उलटा आहे. पंख्याचा वारा तेल मागे फेकतो, आणि पुढची गळती मागे दिसते. याच एंजिनात कडेच्या टॅपेट कव्हरांची गॅस्केटे व वरच्या रॉकर कव्हराचे गॅस्केट कडक होऊन तेथून उतरणारे तेल तळाशी येते, आणि दोष मात्र क्रँकशाफ्टवर येतो. केरोसीनने एंजिन धुऊन कोरडे करावे, संशयित जागांवर खडूची पूड उडवावी, दहा-पंधरा मिनिटे एंजिन चालवावे आणि पूड प्रथम कोठे ओली होते ते विजेरीने पाहावे. क्लचच्या घराच्या तळाशी जे भोक असते, त्यातून येणारे तेल काळे व पातळ असेल तर ते एंजिनाचे. दाट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरपेटीचे.

निदान झाल्यावर रेडिएटर काढावा, पट्टा सैल करून उतरवावा. पुलीच्या नटाला, ज्यात हँडल अडकवण्याच्या खाचा असतात, दुमडलेला वॉशर बिलगलेला असतो. तो आधी सरळ करावा. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढला म्हणजे क्रँकशाफ्ट जागेवर राहते. पुली पुलरनेच काढावी. तिच्या कडेवर हातोडी मारणे म्हणजे ती वाकडी करणे, आणि वाकडी पुली कोणतेही सील टिकू देणार नाही. कव्हराचे बोल्ट दोन जाडींचे असतात, ते निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. कव्हर निघाले की क्रँकशाफ्टवर पातळ पत्र्याची एक थाळी दिसेल. ती तेल सीलपासून दूर फेकते. तिची दिशा उलटली तर सीलवर तेलाचा मारा होतो. नंतरच्या थाळ्यांवर ‘एफ’ हे अक्षर असते, ते बाहेरच्या बाजूस दिसले पाहिजे. जुन्या कव्हराबरोबर जुनीच थाळी आणि नव्याबरोबर नवीच वापरावी, हेही ध्यानात ठेवावे.

जुने सील फेकण्यापूर्वी पाच मिनिटे त्याकडे पाहावे. गळतीचा इतिहास त्यावर लिहिलेला असतो. ओठ नखाने दाबला असता काचेसारखा कडक लागला आणि वाकवताच त्यावर बारीक भेगा दिसल्या, तर उष्णतेने रबराचे वय झालेले आहे. ओठाखालचे तापमान एंजिनातील तेलापेक्षा घर्षणामुळे काही दशक अंशांनी अधिक असते. नायट्राइल रबराची दीर्घकालीन मर्यादा १०० ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास आहे, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम सांगतात. ओठ मऊ आणि फुगलेला असेल तर चुकीच्या तेलाचा किंवा तेलात मिसळलेल्या एखाद्या ‘गळतीनाशक’ द्रवाचा संशय घ्यावा. हे द्रव रबर फुगवून काही आठवडे गळती थांबवतात आणि पुढे तेच रबर चिंध्या करतात. आमच्या मते त्यांचा वापर करू नये. झीज एकाच बाजूस रुंद आणि समोरच्या बाजूस अरुंद असेल तर सील मध्यावर बसलेले नव्हते. आणि ओठ मऊ, अभंग, सर्वत्र सारखा झिजलेला असा आढळला, तर दोष सीलमध्ये नसून अन्यत्र आहे. आमच्या प्रयोगशाळेतील दुसऱ्यांदा काढलेले सील नेमके असे होते.

मग पुलीची नळी पाहिली. मऊ रबर कठीण पोलाद झिजवते, हे नवख्याला पटत नाही. परंतु ओठात रुतलेली धूळ आणि कार्बनचे कण सहाणेप्रमाणे काम करतात आणि वर्षानुवर्षांनी नळीवर खाच पडते. ती नखाला जाणवते. अशी खाच पहिल्याच वेळी आमच्या लक्षात आली होती, आणि विद्यार्थ्याला आम्हीच सांगितले होते की एमरी कागदाची पट्टी गुंडाळून ती ‘थोडी साफ’ करावी. त्याने नळी लेथवर फिरवत पट्टी पुढेमागे सरकवली, जसे कोणीही करील. भिंगाखाली पाहता नळीवर तिरप्या ओरखड्यांची जाळी दिसली. एमरी वापरायचीच असेल तर ती अक्षाच्या दिशेने मुळीच न हलवता, एका जागी धरून वापरावी, हे आम्ही वर्गात शिकवतो. तेथे सांगायला विसरलो.

खाच उथळ असेल तर सील कव्हरात मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी खोल बसवून ओठाला अस्पर्शित पृष्ठभाग देता येतो. खोल असेल तर नळीवर स्टेनलेस पोलादाचे पातळ आवरण चढवतात. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असल्याने मूळ मापाचेच सील चालते. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. नवी पुली मिळाली तर उत्तमच, पण जुन्या गाड्यांचे सुटे भाग घेताना नव्या वेष्टनात जुनी, घासून चकाकवलेली पुली मिळण्याचा संभव असतो. ती मापून घ्यावी.

सील निवडताना जुन्यावर छापलेली तीन मापे, म्हणजे दंडाचा व्यास, घराचा व्यास आणि रुंदी, जुळवावीत. साध्या वापराला नायट्राइल पुरेसे आहे. अधिक उष्णतेसाठी फ्लुओरो-रबर अधिक किमतीचे पण अधिक टिकाऊ. बसवताना कव्हराला सीलच्या घराभोवती लाकडाचा आधार द्यावा, आणि सीलच्या पूर्ण तोंडावर बसणाऱ्या सपाट ठोकळ्याने ते सरळ आत दाबावे. एका कडेवर ठोकून मग दुसरीवर ठोकणे, ही वर्कशॉपातील सर्वमान्य रीत सीलचे कवच वाकवते. स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे असावी. ओठाच्या खोबणीत ग्रीस भरावे, म्हणजे तेल पोहोचेपर्यंतचे पहिले काही क्षण ओठ कोरडा घासणार नाही, आणि हातोडीच्या धक्क्याने स्प्रिंग उडणारही नाही. पुलीच्या नळीच्या टोकाची धार व चावीची खाच बोटाने तपासावी. एखादा कंगोरा उरला असेल तर ओठ तेथे कापला जातो, आणि अशी चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. या कव्हराला मध्यावर बसवणारी कोणतीही खूण एंजिनावर नाही; बोल्टांच्या भोकांत जेवढा वाव असेल तेवढे ते इकडेतिकडे सरकते. म्हणून नव्या गॅस्केटसह कव्हर सैल बोल्टांवर अडकवावे, नळीला तेल लावून पुली हलक्या हाताने डावी-उजवी फिरवत सीलमधून चावीवर सरकवावी, म्हणजे सील स्वतः पुलीभोवती मध्यावर येते. मगच कव्हराचे बोल्ट थोडेथोडे, समोरासमोरचे आवळावेत. पुलीचा नट त्यानंतर. याच कुळातील एमजीबी एंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्यासाठी ७० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटर, हा आकडा दिलेला आहे.

आवरण चढवून, कव्हर मध्यावर आणून, तिसरे सील बसवल्यावर गळती फार कमी झाली, परंतु थांबली नाही. तेव्हा एंजिनाच्या श्वासाकडे लक्ष गेले. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा वायू नेहमीच क्रँकपेटीत उतरतो, आणि एंजिन जितके जुने तितका अधिक. तो बाहेर जाण्यासाठी रॉकर कव्हरावरून एक नळी हवागाळणीकडे जाते आणि दुसरी टॅपेट कव्हरावरून खाली उतरते. या खालच्या नळीत वर्षांचा चिखलासारखा गाळ साचून ती जवळजवळ बंद झाली होती. क्रँकपेटीतील दाब वाढला की सीलचा पंप आणि पृष्ठताण दोघेही हतबल होतात, आणि मागचे मळसूत्र तर त्याहून आधी. सील बदलताना दोन्ही नळ्या काढून धुणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते सर्वांत आधी करावे, असे आता आम्ही सांगतो. तेलाची पातळीही काडीवरील वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये.

नळ्या साफ केल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत ओठाशी किंचित ओल दिसली. नवा ओठ दंडाशी जुळवून घेईपर्यंत, म्हणजे त्याचा तो सूक्ष्म खडबडीतपणा तयार होईपर्यंत, अशी ओल दिसू शकते आणि ती पुसून टाकून वाट पाहावी. पुढील चाळीस तासांत खडूची पूड कोरडी राहिली.

‘निकृष्ट’ ठरवलेले दुसरे सील अजून कपाटात होते. ते आम्ही घासून तयार केलेल्या, ओरखडे नसलेल्या एका दंडावर चढवले, दंड फिरवला आणि हवेच्या बाजूस पिचकारीने तेलाचे दोन थेंब सोडले. काही वेळात दोन्ही थेंब ओठाखालून आत गेले. विक्रेत्याकडे जाणारे पत्र फाडून टाकले, आणि अहवालातील निष्कर्षाचे पान विद्यार्थ्याने नव्याने लिहिले.